कोडे कोणाचे आणि मुद्रा कोणाची?

स्वतः रचलेले कोडे चार माणसांत घालावे, यात काही सार आहे की तो नुसता बुद्धीचा चाळा? आणि घातलेच, तर त्याखाली नाव कोणाचे लावावे? प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु वारकऱ्याच्या घरी शब्दाला कोणी लहान समजत नाही, आणि मुद्दाम झाकून ठेवलेल्या शब्दाला तर मुळीच नाही. म्हणून या खेपेस आम्ही तोच विषय विचारास घेतला आहे.

कोडी घालण्याची हौस आपल्या लोकांना फार जुनी. घाटावर कोडे म्हणतात, उखाणा म्हणतात. कोकणात हुमाणे म्हणतात. (आता उखाणा म्हटला की नवऱ्याचे नाव घेणे एवढेच पुष्कळांना आठवते, पण शब्द कोड्याचाही आहे.) विसाव्याला दिंडी झाडाखाली टेकली, टाळ पिशवीत गेले, भाकरीची फडकी सुटली, की एखादी म्हातारी आसपासची पोरे गोळा करून “सांगा बघू” म्हणून सुरुवात करतेच. तिची बहुतेक कोडी आईकडून, आजीकडून आलेली. पण मधूनच एखादे असे येते की ते आधी कोणीच ऐकलेले नसते. ते तिचे स्वतःचे असते. विचारले तर मात्र कबूल करीत नाही! “जुनंच हाय की बाबा,” म्हणून मोकळी होते. तिच्या या उत्तरात लाज किती आणि विनय किती, हे पुढे येईलच. आधी कोडे म्हणजे काय ते पाहू.

हे एक घ्या. “दोघी जावा, एका दोरीला बांधल्या, भांडल्या की देव डोलतो, समेट झाला की कीर्तन संपते.” उत्तर वारकऱ्यास सांगायला नको. टाळाच्या दोन वाट्या, त्यांना जोडणारी दोरी, एकमेकींवर आपटणे, आणि कीर्तन आटोपल्यावर एकीवर एक ठेवून गुंडाळणे, सगळे जसेच्या तसे आहे. लपविले ते फक्त नाव. दुसरे पाहा. “सात दिवस, सात रात्री उभी, गळे बदलते, पण भुईला टेकत नाही.” सप्ताहात ज्याने पहाऱ्याची पाळी केली आहे त्याच्या तोंडून ‘वीणा’ हा शब्द आमचे वाक्य पुरे होण्याआधी बाहेर पडेल. ज्याने सप्ताह पाहिला नाही तो थोडा अडेल, पण उत्तर ऐकल्यावर “हो की!” म्हणेल. हे “हो की!” फार महत्त्वाचे आहे. कोडे खरे की खोटे, त्याची परीक्षा तेथेच होते. खरे कोडे कधी खोटे बोलत नाही. ते सगळे खरेच सांगते, नाव तेवढे सांगत नाही.

याउलट असे पाहा. कोणी एक गृहस्थ विचारतो, “आमच्या घरी एक आहे, बोलत नाही, पण सगळे सांगतो.” एकजण म्हणतो, आरसा. नाही. दुसरा म्हणतो, ग्रंथ. नाही. घड्याळ? तेही नाही. चौघे थकले म्हणजे हा मिशीवर हात फिरवून म्हणतो, “आमच्या भिंतीवरचा कागदी पंचांगाचा तक्ता!” आता आरसा का नव्हे, ग्रंथ का नव्हे, याला त्याच्याजवळ काही उत्तर आहे का? नाही. उत्तर कोड्यात नव्हतेच, ते त्याच्या मनात होते. मग हे कोडे कसले, ही अडवणूक झाली. ऐकणाऱ्याला वाट ठेवलीच नाही आणि वर “तुम्हाला येत नाही” असे म्हणायला हा मोकळा.

म्हणजे प्रश्न बुद्धीचा नाही, हेतूचा आहे. कोडे घालणाऱ्याला काय हवे आहे? समोरचा हरावा असे त्याला वाटते, की समोरच्याने आपल्याला हरवावे असे वाटते?

महाभारताच्या वनपर्वात यक्षाची कथा आहे ती सर्वांना ठाऊक आहे. तळ्याकाठी चौघे भाऊ पडले, कारण त्यांनी प्रश्नाला उत्तर न देताच पाण्याला हात लावला. युधिष्ठिर थांबला, एकेका प्रश्नाला उत्तर देत गेला. शेवटी यक्ष म्हणाला, एका भावाला जिवंत करतो, कोणाला करू? युधिष्ठिराने भीम मागितला नाही, अर्जुन मागितला नाही. माद्रीचाही एक मुलगा राहावा म्हणून नकुल मागितला. आणि मग कळले की प्रश्न विचारणारा खुद्द धर्म होता, युधिष्ठिराचा बाप होता. आमचे कीर्तनकार या कथेवर पुष्कळ सांगतात, पण एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. विचारणारा बाप होता, तेव्हा मुलगा अडावा असे त्याला वाटत असेल काय? त्याला मुलाने उत्तर द्यावे असेच वाटत होते. प्रश्न कठीण होते. कठीण ठेवण्यातही माया होती. पण प्रत्येक प्रश्नाला उत्तर होते, आणि युधिष्ठिराला ते देता येण्यासारखे होते. आम्हाला वाटते, कोडे घालणाऱ्याने या बापाजवळ शिकावे.

पण मग संतांच्या कूटांचे काय, असे कोणी विचारील. मुंगीने सूर्य गिळल्याचे मुक्ताईचे कूट, काट्याच्या टोकावर वसलेल्या गावांचे ज्ञानदेवांचे कूट, ही तर शेकडो वर्षे लोकांना अडवीत आली आहेत. निरूपणकार त्यांचा अर्थ एकसारखा लावतात असेही नाही. मग ही अडवणूक नव्हे काय?

नव्हे. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कोड्याचे उत्तर एक वस्तू असते. टाळ म्हटले की काम झाले. कूटाचे उत्तर वस्तू नसते, ती एक अवस्था असते. ती बोलून दाखवायला सरळ भाषा पुरत नाही म्हणून भाषा उलटी करावी लागते. संतांनी कूट केले ते लपविण्यासाठी नव्हे. जे सांगायचे ते तसेच सांगता येत होते. पेटीत ऐवज होता म्हणून तिला कुलूप शोभले. आपल्यासारख्यांनी मुंगीऐवजी डास घ्यायचा, सूर्याऐवजी चंद्र घ्यायचा, सशाला शिंग आणि कासवाला पिसे लावायची, आणि “घ्या, गूढ आहे!” म्हणायचे, हे रिकाम्या पेटीला कुलूप लावणे झाले. उघडणारा बिचारा रात्रभर किल्ल्या फिरवीत बसतो.

तेव्हा ज्याचा अनुभव नाही त्याचे कूट करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु जे रोज पाहतो, हाताळतो, त्याचे कोडे जरूर करावे. नांगर, पाभर, जाते, मोट गेली आणि विहिरीवर विजेचा पंप आला तो पंप, तुळशीची माळ, पताका, पखवाजाच्या तोंडाला लावलेली कणीक. विषयाला तोटा नाही. कोडे करण्यासाठी वस्तूकडे नीट पाहावे लागते, आणि रोजच्या वस्तूकडे नीट पाहणारा माणूस थोडा. टाळ आयुष्यभर वाजविला, पण त्या दोन वाट्या समेटात असताना मुक्या असतात हे कोडे करायला बसेपर्यंत ध्यानात येत नाही.

उत्तर न आलेल्याशी कसे वागावे, याचा धडा आपल्याच परंपरेत आहे. चांगदेवांनी ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतले आणि मायना काय घालावा येथेच अडले. वयाने आपण मोठे, तेव्हा आशीर्वाद लिहावा. ज्ञानाने ते मोठे, तेव्हा नमस्कार लिहावा. काहीच ठरेना, म्हणून कोरा कागद पाठविला. एका अर्थी हे कोडेच झाले, घालणाऱ्याच्या मनात नसताना झालेले. मुक्ताई हसली, इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला म्हणाली, अशी कथा आहे. पण गोष्ट हसण्यावर थांबली नाही. निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांस सांगितले, याला उत्तर लिही. त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर गेले. ती ‘चांगदेव पासष्टी’. ज्याच्याजवळ उत्तर होते तो उत्तरावर बसून राहिला नाही, एवढे यातून घ्यावे.

आता मुद्रेचे. या बाबतीत आमचे मन खरोखर अस्वस्थ आहे.

अलीकडे मोबाइलवर एक कोडे निघाले की संध्याकाळपर्यंत नांदेडपासून सावंतवाडीपर्यंत जाते. जाताना करणाऱ्याचे नाव गळते, हे एक वेळ चालेल. पण पुष्कळदा गळलेल्या नावाच्या जागी दुसरेच चिकटते. कोणी चार ओळी जुळविल्या, शेवटी “ज्ञानदेव म्हणे” किंवा “मुक्ताई म्हणे” घातले, की त्याचे कूट झाले! असे करणारे सगळे लबाड असतात असे आम्ही म्हणत नाही. उलट बहुतेक भाविक असतात. ते म्हणतात, “आमचे काय आहे यात? जे सुचले ते माउलीनेच सुचविले. आपले नाव घालणे हा अहंकार. म्हणून माउलीचेच घातले.” ऐकायला किती गोड आहे! म्हणूनच त्याचा नीट विचार केला पाहिजे.

तुकोबांच्या गाथ्यात सालोमालोंविषयीचे अभंग आहेत. दुसऱ्याचे बोल घेऊन आपले म्हणून मिरवणे, याचा तुकोबांना किती संताप आला होता ते त्यात दिसते. तेथे चोरी उघड आहे. दुसऱ्याचा माल आणि आपली मोहर. आपला माल आणि संतांची मोहर, हे त्याच्या उलटे आहे. यात आपण काही घेतले नाही, उलट दिले, असे वाटते. पण जरा पाहा काय दिले ते. आपले कच्चे काम दिले, आणि त्यांचे नाव घेतले. सालोमालोंनी माल घेतला, याने पत घेतली. बाजारात कोणती चोरी मोठी समजतात, हे व्यापारी वाचकांनीच सांगावे.

आणि यातला खरा घाव संतांना लागत नाही. ते कोठल्याच घावाच्या पलीकडे गेले. घाव लागतो ऐकणाऱ्याला. समजा, कोड्याची बांधणी चुकली आहे, उत्तर कोड्यात नाहीच. खाली आमचे नाव असते तर ऐकणारा सरळ म्हणाला असता, “अहो, तुमचे कोडे फसले.” पण खाली मुक्ताईचे नाव आहे. आता तो तसे कसे म्हणेल? तो म्हणतो, “आपलीच बुद्धी थिटी. आपलाच अधिकार नाही.” एखादी साधी बाई, अक्षर ओळखीपुरते शिकलेली, दहा वेळा वाचते आणि दहा वेळा स्वतःला अडाणी ठरविते. दोष करणाऱ्याचा, आणि त्याचे ओझे हिच्या डोक्यावर. विनय म्हणून ज्याने आपले नाव झाकले त्याने हे केले. आपले नाव घालणे हा अहंकार असेल. पण आपली चूक दुसऱ्यास दाखविता येऊ नये अशी सोय करून ठेवणे याला काय म्हणावे?

एकनाथ महाराजांचे उदाहरण या ठिकाणी आठवते. ज्ञानेश्वरी 1290 साली सांगितली गेली. पुढे नकला होता होता तिच्यात पाठभेद शिरले, नाथांनी प्रती मिळवून त्या ताडून पाहिल्या आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. शेवटी त्यांनी बजावून ठेवले की जो या ग्रंथात आपली ओवी घुसडील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. हे सांगणारे नाथ काही ओवी न येणारे नव्हते. एकनाथी भागवत लिहिणारे ते नाथ. त्यांना एक ओवी घालणे काय कठीण होते? आणि ती चांगलीच झाली असती. तरी घातली नाही. आपले जे होते ते भारुडांत, गौळणींत, अभंगांत आपल्या मुद्रेने सांगितले. ‘एका जनार्दनी’ म्हणून गुरूचे नावही सोबत घेतले. विनय आणि खरेपणा एकाच मुद्रेत कसे राहतात ते तेथे पाहावे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो चांगला आहे. जात्यावरच्या ओव्या कोणाच्या? त्यांना कोठे नाव आहे? आमची ती विसाव्यावरची म्हातारी “जुनंच हाय” म्हणते, तीही मग चोरच का? नाही, मुळीच नाही. नाव नसणे वेगळे आणि खोटे नाव असणे वेगळे. बिननावाच्या ओवीला कोणीही हात लावतो; एखादा शब्द बरा वाटला नाही तर बदलतो, कडवे जोडतो, आणि ती ओवी घासून घासून गुळगुळीत होते. बिननावाच्या कोड्यालाही “हे जमलं नाही गं” असे म्हणता येते. संताची मुद्रा असलेल्या ओळीला तसा हात लावायला कोणी धजत नाही, लावूही नये. म्हणून तेथे खोटे शिरले की ते निघत नाही. नामदेवरायांच्या गाथ्यात विष्णुदास नामा या पुढच्या काळातल्या कवीचे अभंग मिसळले; दोघांची मुद्रा ‘नामा’. तेथे तर कोणाची लबाडीही नव्हती, एका नावाने घोटाळा झाला. तरी तो निवडताना विद्वानांची किती शक्ती गेली! मग जाणूनबुजून घातलेली मुद्रा पुढच्यांना किती छळील?

तसे पाहिले तर आपल्या कीर्तनाच्या रीतीने हा निवाडा आधीच करून ठेवला आहे. वारकरी कीर्तनात निरूपणाला अभंग घ्यायचा तो संतांचा, प्रमाण द्यायचे ते संतवचनाचे. आपले स्वतःचे कोडे तेथे दृष्टांत म्हणून येऊ शकते. प्रमाण म्हणून नाही. कीर्तनकार म्हणतो, “आमच्या गावची एक मावशी असे विचारीत असे,” आणि श्रोते हसतात, उत्तर देतात, मग तो मूळ अभंगाकडे वळतो. यात मावशीलाही तिची जागा मिळाली आणि अभंगालाही त्याची. दुसऱ्याचे कोडे सांगताना ‘अमक्या गावच्या अमक्याचे’ असे म्हणायला लागतो तो वेळ किती? एक श्वास.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. कोड्याच्या आडून दगड मारू नये. कोणाचे व्यंग, कोणाचे वैधव्य, कोणाची जात यांवर बेतलेली जुनी कोडी आहेत. ती विसरली गेली तर बरेच. नवी तर करूच नयेत. “नाथांच्या भारुडांतही आंधळा आहे, बहिरा आहे, मुका आहे,” असे सांगून कोणी त्यांची ढाल करतात. पण नाथ आंधळ्याकडे बोट दाखवीत नाहीत. ते स्वतः आंधळे होऊन बोलतात. तो आंधळा म्हणजे मी, तुम्ही, देव समोर असून न दिसणारे सगळे. ज्याला आपल्या कोड्यात व्यंग घ्यायचेच असेल त्याने पहिल्याने ते आपल्या अंगावर घ्यावे, आणि मग हसू येते का पाहावे.

आता उत्तराच्या हक्काचे बोलू. समजा, एका बाईने दिंडीत नवे कोडे घातले: “पाय नाहीत, पण वारी चुकत नाही. कोण?” तिच्या मनात तुळस आहे. बायाबापड्यांच्या डोक्यावर वृंदावनात बसून आळंदीपासून सुमारे अडीचशे किलोमीटर जाणारी तुळस. उत्तर छानच आहे. पण पाठीमागून एक पोरगे ओरडते, “पादुका!” सगळे चमकतात. पालखीत पादुका असतात. त्या चालत नाहीत, त्यांना पाय नाहीत, कारण त्याच पाय आहेत! आणि तुळशीची रोपे दरवर्षी नवी, पादुका मात्र वारी चुकवीत नाहीत. कोडे तुळशीपेक्षा पादुकांना अधिक लागू पडले. आता त्या बाईने काय करावे? ती म्हणू शकते, “नाही, चुकलं, तुळस.” कोडे तिचे आहे, कोण तिला अडविणार? पण उत्तर तिचे नाही. उत्तर कोड्याच्या शब्दांचे आहे, आणि शब्द तिने एकदा बाहेर टाकले. तिने पोराला जवळ बोलावून प्रसादाचा खडा त्याच्या हातावर ठेवावा आणि पुढच्या मुक्कामी ते कोडे पादुकांचे म्हणूनच घालावे, “हे उत्तर अमक्याच्या लेकाचे” असे सांगून. हरण्यासाठीच घातले होते ना कोडे? मग हरण्यात कमीपणा कसला.

उत्तर न येणाऱ्यास किती वेळ अडवून ठेवावे, याला एक माप नाही. हे कोडे पाहा. “लांबून येते एका नावाने, एका गावाला वळसा घालताना दुसरे नाव घेते, गाव सुटले की पुन्हा पहिल्याच नावाने पुढे जाते.” पंढरपूरचे शेंबडे पोर उत्तर देईल. गोंदियाकडून पहिल्यांदाच आलेले मूल अडेल, कारण त्याची वैनगंगा त्याने तशी नाव बदलताना पाहिलेली नाही. त्याला लगेच उत्तर सांगून टाकले तर त्याचा घास काढून घेतल्यासारखे होईल, आणि मुळीच न सांगता हसत राहिलो तर तो पुन्हा आपल्याजवळ बसणार नाही. त्याला आणखी एक ओळ द्यावी: “वळली म्हणूनच नाव मिळाले, आकाशातल्या कोणासारखी वळली ते ओळख.” तरी न आले तर त्याचा हात धरून पुलावर न्यावे आणि भीमेचे वळण दाखवावे. कोर दिसली की चंद्राचे नाव त्याच्या तोंडी येईल, आणि उरलेले अर्धे नाव मागे वाळवंटात चाललेल्या भजनातून त्याला ऐकू येईलच.